५६ अंड्यांचं इन्क्युबेटर, असीलची अंडी आणि आठ महिने

इन्क्युबेटर म्हणजे अंडी उबवायचं मशीन, ते जिथून घेतलं त्या दुकानदाराशी काल तिसऱ्यांदा फोनवर वाजलं, म्हणून आज लिहायला बसलोय. ५६ अंड्यांचं ऑटोमॅटिक, पंख्याचं मशीन, सगळ्यांना माहितीय ते, त्यामुळं बाकीचं सोडतो आणि एकच सांगतो, डिस्प्लेवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

माझ्याकडं घरामागं असील, म्हणजे झुंजीच्या देशी जातीच्या कोंबड्यांचा एक नर आणि तीन माद्या आहेत. गिरिराज-वनराज या सुधारित जातींएवढी अंडी असील देत नाही, माझी मादी दहा-बारा घातली की खुडूक होते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते, मग एक एक अंडं जपावं लागतं. तिघींची साठवून पहिल्यांदा १४ लावली. सातव्या दिवशी रात्री बॅटरी लावून बघितलं तर ११ मध्ये रक्ताच्या शिरा स्पष्ट. डिस्प्लेवर कायम ३७.५ डिग्री, हवी तेवढीच ऊब. पिल्लं निघायचा एकविसावा दिवस गेला, बाविसावा गेला, तेविसाव्याला तीन पिल्लं निघाली, पोटं मऊ फुगलेली, पायावर उभी राहीनात, त्यातलं एकच जगलं. उरलेली आठ आतच मेलेली, फोडून बघताना हात चालेना.

फोन केला तर म्हणे अंडी फर्टाईल, म्हणजे फळलेली नसतील. अहो शिरा मी डोळ्यानं बघितल्यात! मग म्हणे सेन्सर बदला, ४५० रुपये, कुरियर तुमचं. वर्षाची वॉरंटी असताना! शेवटी घरातला ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर अंड्यांच्या मधे ठेवला, ३६.४ निघाले. सेन्सर वर हीटरच्या शेजारी टांगलेला, त्याला ऊब आधी लागते, तो हीटर बंद करतो आणि खाली अंडी गारच. एका डिग्रीनं काय होतंय असं वाटतं, पण रोज एवढी ऊब कमी पडली की पिल्लाची वाढच मागं राहते.

वायर खाली ओढून सेन्सर अंड्याच्या उंचीला बांधला. दुसऱ्या खेपेला १२ पैकी ८, बरोबर एकविसाव्या दिवशी, टणक पिल्लं! त्यामुळं मशीन टाकाऊ आहे असं जे मी चारचौघात सांगत होतो ते मागं घेतो. पण दोन इंच वायर खाली सोडायला बनवणाऱ्याला काय झालं होतं, हा राग अजून आहे.

तिसऱ्या खेपेला लाईट पाच तास गेली, तेव्हा घाबरून सगळी अंडी खुडूक मादीखाली सरकवली. ती सव्वातीन किलोची, पिसं आखूड आणि घट्ट, गावठी कोंबडीसारखी पसरून झाकत नाही, दोन फुटली. तेव्हापासून मादीखाली आठच ठेवतो, टोपलीत खाली माती, वर पेंढा, थोडी राख. गेल्या वेळी आठातली सात निघाली, मांजर डालग्याजवळ फिरकलं नाही. महिन्याभरात पिल्लं एकमेकांवर धावून जायला लागतात, नर वेगळे करायची जागा आधीच करून ठेवा. झुंजीसाठी मागायला येणाऱ्यांना मी देत नाही, प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या १९६० च्या कायद्यानं झुंज लावणं गुन्हा आहेच, आणि एवढं जपून वाढवलेलं तसं मरायला कसं द्यायचं.

सध्या पिवळ्या मादीखाली आठ आहेत, आज अकरावा दिवस. मशीन पुसून शेजारच्या खोलीत ठेवलंय, ती मधेच उठली तर लगेच चालू करायला. थर्मामीटर आतच आहे.