माकडांच्या पिंजऱ्यापर्यंत पोहोचवणारी नोकऱ्यांची यादी

अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत माकडे, गिबन किंवा गोरिला यांची देखभाल करण्याचे काम मिळवायचे असेल तर शोध कोठून सुरू करावा, असे प्राणिशास्त्र शिकणारी मुले मला विचारतात, तेव्हा मी प्रथम एकच ठिकाण सांगते. ते म्हणजे ‘असोसिएशन ऑफ झूज अँड अक्वेरियम्स’, अर्थात एझेडए या संघटनेची नोकऱ्यांची आणि इंटर्नशिपची यादी. मी ती दोन वर्षे जवळजवळ रोज वाचली, तिच्यातूनच माझी प्राणिसंग्रहालयातील पहिली इंटर्नशिप आणि पुढे पहिली हंगामी नोकरी मिळाली, आणि म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

एझेडएची स्थापना 1924 साली झाली. ही संघटना प्राणिसंग्रहालयांना मानांकन देते आणि ते दर पाच वर्षांनी पुन्हा मिळवावे लागते. त्यासाठी बाहेरचे तपासनीस येऊन प्राण्यांचे आरोग्य, पशुवैद्यकीय व्यवस्था, सुरक्षितता आणि संस्थेचा आर्थिक ताळेबंदसुद्धा पाहतात. असे मानांकन असलेल्या संस्था सुमारे 250 आहेत, आणि यादीतील जाहिराती प्रामुख्याने त्यांच्याकडून येतात. यादी वाचण्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. जाहिरात देणाऱ्या संस्थेला मानांकन आहे की नाही, हे संघटनेच्या मानांकित संस्थांच्या यादीत ताडून पाहता येते, आणि ते प्रत्येक वेळी पाहावे, असा माझा आग्रह आहे.

या आग्रहामागे एक कटू अनुभव आहे. पुण्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना मी एका मध्यस्थ संस्थेला बरीच मोठी रक्कम भरून परदेशातील ‘वानर संवर्धन इंटर्नशिप’ घेतली होती. माहितीपत्रकावर खांद्यावर माकडाचे पिल्लू घेतलेल्या हसऱ्या मुलींची छायाचित्रे होती, आणि ती पाहूनच मी भुलले होते. तेथे पोहोचल्यावर आठवडाभरात लक्षात आले की पिल्ले आईपासून वेगळी केली जात होती, ती पर्यटकांच्या हातात देता यावीत म्हणून. त्यानंतर 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, म्हणजे आययूसीएनच्या, नरवानर तज्ज्ञ गटाने छायाचित्रांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. माकडाला हातात घेतलेले छायाचित्र प्रसारित करू नये, आणि माणूस चौकटीत असलाच तर त्याने मुखपट्टी लावलेली असावी व तो किमान सात मीटर अंतरावर असावा, असे त्यांत सांगितले आहे. ज्या जाहिरातीत पिल्लाला कुरवाळण्याचे आमिष असेल ती तत्काळ बाजूला ठेवावी, एवढी साधी कसोटी मला आधी कोणी सांगितली असती तर माझे पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचले असते.

एझेडएच्या यादीतील जाहिराती याच्या नेमक्या उलट असतात. त्यांत मायेची भाषा जवळजवळ नसते. पिंजरे घासणे, विष्ठा उचलणे, आहार तोलून तयार करणे, निरीक्षणांची नोंद ठेवणे, पन्नास पौंड वजन उचलता येणे, शनिवार-रविवारी आणि सणासुदीला कामावर येणे, थंडीत व उन्हात बाहेर उभे राहणे, असे सगळे स्वच्छ लिहिलेले असते. माकडांच्या विभागासाठी क्षयरोगाची चाचणी निगेटिव्ह असल्याचा दाखला बहुतेक ठिकाणी मागतात, कारण माणसाचा क्षय माकडांना होतो आणि त्यांचे रोग आपल्याला. माकाक गटातील (आपल्याकडचे लाल तोंडाचे माकड याच गटातले) माकडे असतील तर डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि तोंडावर आवरण लागते, कारण त्यांच्यात आढळणारा हर्पीस बी विषाणू माणसासाठी प्राणघातक ठरू शकतो. भारतातून येणाऱ्यांनी क्षयचाचणीबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी: लहानपणी बीसीजी लस टोचलेली असल्यास त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून रक्ताची चाचणी चालेल का, हे आधीच विचारून घ्यावे.

माझी इंटर्नशिप बारा आठवड्यांची होती. सकाळी सातला स्वयंपाकघरात रताळी, पालेभाज्या आणि हिरव्या शेंगा चिरून प्रत्येक प्राण्याच्या नावाच्या भांड्यात तोलून ठेवायच्या. गोड फळे बेताचीच, कारण बाजारातल्या फळांत जंगली फळांपेक्षा साखर फार असते. त्यानंतर कुलपे. आतल्या दालनात पाऊल टाकण्यापूर्वी प्राणी कोठे आहेत ते मोजायचे, मधले सरकते दार बंद करून कुलूप ओढून पाहायचे, आणि सोबतच्या कीपरने, म्हणजे प्राण्यांची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याने, तेच पुन्हा करून मोठ्याने सांगायचे. पहिल्या आठवड्यात मला हा सोपस्कार वाटला. तिसऱ्या आठवड्यात माझ्या हातून एक कुलूप अर्धवट लागलेले दुसऱ्या कीपरने पकडले, आणि त्यानंतर मी ते कधीही घाईने केले नाही.

त्या विभागात सिंहपुच्छ माकडांचा एक कळप होता. सह्याद्रीच्या दक्षिण भागातील, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूच्या सदाहरित जंगलांतील हा प्राणी महाराष्ट्रात नाही, त्यामुळे मी तो प्रत्यक्ष पाहिला तो थेट अमेरिकेत. त्यांतली एक म्हातारी मादी शेंगदाणे गालाच्या पिशवीत कोंबून भिंतीकडे तोंड करून बसायची आणि मग बाहेरून मुठीने गाल दाबत एकेक दाणा तोंडात आणायची. तिला इंजेक्शनसाठी जाळीला दंड टेकवायला शिकवले होते. कीपर जाळीच्या अलीकडे एक काठी धरायची, मादी तिला हात लावून खांदा पुढे करायची, शिट्टी वाजायची आणि द्राक्षाचा अर्धा तुकडा मिळायचा. नको असेल त्या दिवशी ती सरळ उठून निघून जाई आणि तिला कोणी अडवत नसे. या कामाचे सगळे शिक्षण मला त्या उठून जाण्याला दिलेल्या मोकळिकीत दिसले.

यादीची मर्यादा पैशांच्या आणि व्हिसाच्या बाजूला आहे. अनेक इंटर्नशिप बिनपगारी असतात, आणि राहण्याची सोय स्वतः करावी लागते. अनेक जाहिरातींत व्हिसासाठी पुरस्कृत केले जाणार नाही, असे स्पष्ट म्हटलेले असते. एफ-1 व्हिसावरील विद्यार्थ्याला शिक्षण संपल्यावर बारा महिन्यांचे ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात तात्पुरते काम करण्याची परवानगी, मिळते आणि त्या काळात बिनपगारी काम काही अटींवर चालते. परंतु विज्ञान शाखेच्या चोवीस महिन्यांच्या वाढीव मुदतीत पगारी कामच लागते. हे गणित न मांडता अर्ज केल्यास वर्ष हातचे जाते, म्हणून आपल्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाशी आधी बोलावे. भारतातून थेट अर्ज करणाऱ्याला ही यादी फारशी उपयोगाची नाही, हे मी स्पष्टच सांगते.

भारतात अशी एकत्र यादी मला सापडली नाही. मुंबईची राणीची बाग तेथील महानगरपालिकेची, कात्रजचे प्राणिसंग्रहालय पुणे महानगरपालिकेचे, तर म्हैसूरचे राज्याच्या प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाकडे. भरती ज्याची त्याची. म्हैसूरला 2021 मध्ये जर्मनीहून दोन गोरिला आले तेव्हा आपल्याकडेही या प्राण्यांची देखभाल जाणणाऱ्या माणसांची गरज किती आहे, हे मला प्रकर्षाने जाणवले. युरोपात जायचे असेल तर जर्सी बेटावरील ड्युरेल संस्थेचे प्रशिक्षण जरूर पाहावे. अमेरिकेतच राहायचे असेल तर 1967 पासून चालत आलेल्या कीपरांच्या संघटनेचे, म्हणजे एएझेडकेचे, विद्यार्थी सदस्यत्व घ्यावे, कारण जाहिरातीत न लिहिलेल्या गोष्टी तेथे भेटणारी माणसे सांगतात.

माझ्या अर्जाबाबत असेच झाले. अनुभवाच्या रकान्यात मी महाविद्यालयातील प्रकल्प आणि प्रयोगशाळा भरल्या होत्या. एका ज्येष्ठ कीपरने तो वाचून विचारले की रोज सकाळी एखाद्या मोठ्या प्राण्याची घाण मी कधी काढली आहे का. सासवडला मामांच्या गोठ्यात सहा म्हशी होत्या आणि दर सुट्टीत शेण काढणे, वैरण टाकणे, आजारी म्हैस रवंथ करते आहे की नाही यावर लक्ष ठेवणे माझ्याकडे असे. ते लिहिण्यासारखे आहे असे मला वाटलेच नव्हते. तिने ते सर्वांत वर लिहायला लावले. पुढच्या मुलाखतीत महाविद्यालयाविषयी एक प्रश्न आला आणि म्हशींविषयी सात.