दात सरळ आहेत, मग तारा कशाला? थांबावं, तारा लावाव्यात की अलाइनर?

शाळेतल्या तपासणीनंतर नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात चिठ्ठी आली: ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे दात-जबडे नीट बसवणाऱ्या दंतवैद्याला, दाखवा. आम्ही तिला हसायला सांगितलं. पुढचे दात अगदी एका ओळीत. आजी म्हणाली, "एवढे छान दात आहेत, कशाला छळता पोरीला?" मलाही तेच वाटलं होतं.

डॉक्टरांनी तिला तोंड मिटून दाढा चावायला सांगितलं आणि गाल बोटाने बाजूला केला. उजवीकडच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसत होत्या. तोंड मिटताना हनुवटीही किंचित उजवीकडे सरकत होती. नऊ वर्षांत आमच्या हे लक्षात आलं नव्हतं.

डबा चांगला, झाकणही चांगलं, पण झाकण डब्यावर बसत नाही, असं होतं ना, तसंच हे. वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात, त्यालाच चावा म्हणतात. एडवर्ड अँगल या अमेरिकी दंतवैद्याने १८९९ मध्ये चाव्याचे प्रकार पाडले, तेही वरची पहिली मोठी दाढ खालच्या दाढेवर कुठे बसते यावरून. घरी पाहायचं असेल तर दाढा चावून ओठ बाजूला करा. वरच्या पुढच्या दातांनी खालचे दात साधारण एक तृतीयांश झाकलेले असावेत, दोहोंत पुढे-मागे २ ते ३ मिलिमीटर अंतर असावं आणि वरची रांग सगळीकडून खालच्या रांगेच्या बाहेर असावी.

काहीच न करता थांबणं, ही पहिली वाट. मोठ्या माणसाचा चावा थोडाच चुकलेला असेल, दात झिजत नसतील, खाताना त्रास नसेल, तर थांबण्यात काही चूक नाही. वर्षाला एकदा दाखवत राहावं. जबड्याचा सांधा दुखतो म्हणून तारा लावा, असं कोणी म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या. चाव्याचा आणि त्या दुखण्याचा संबंध वाटतो तितका पक्का नाही. पण खालचे दात वरच्या टाळूला टोचत असतील, किंवा दाढा मिटल्या तरी पुढे फट राहून पेरूचा तुकडा तुटत नसेल, तर नुसतं थांबून ते सहसा सुटत नाही. वरचे दात फार पुढे असलेल्या मुलांचे दात पडण्या-आपटण्यात जास्त तुटतात. आणि हनुवटी सरकणारा आमच्यासारखा उलटा चावा वाढत्या वयात तसाच ठेवला, तर जबडा एका बाजूला वाढण्याचा धोका असतो. इथे थांबणं महाग पडतं.

दुसरी वाट तारांची, म्हणजे ज्याला आपण क्लिप म्हणतो. दात वर-खाली करायचे असोत, सुळा फिरवायचा असो वा दाढ सरकवायची असो, डॉक्टरांच्या हातात सगळ्यात जास्त ताबा इथेच असतो. मुलाच्या शिस्तीवरही सगळं अवलंबून राहत नाही. साधारण दीड ते दोन वर्षं लागतात. त्रास मात्र खरा आहे: पहिले काही दिवस दुखतं, गाल सोलतात, चिक्की आणि ऊस बंद, मेथीची भाजी तारेत अडकून बसते. नीट घासलं नाही तर तारा निघाल्यावर दातांवर कायमचे पांढरे डाग दिसतात. आळशी ब्रश करणाऱ्या मुलाला आधी ब्रश शिकवावा, मगच तारा लावाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

तिसरी वाट पारदर्शक अलाइनरची, म्हणजे दातांवर चढवायच्या प्लास्टिकच्या पातळ साच्यांची. जेवताना काढता येतात, घासणं सोपं जातं, चटकन दिसत नाहीत. पण दिवसाचे २० ते २२ तास तोंडात असायला हवेत. सौम्य फट असेल तर ते चांगलं काम करतात. खोल चावा, म्हणजे वरचे दात खालच्यांना फार झाकतात तो, उघडणं किंवा गोल दात फिरवणं त्यांना जड जातं. खर्चही सहसा धातूच्या तारांहून बराच जास्त. कॉलेजात जाणाऱ्या, वेळ पाळणाऱ्या माणसासाठी मी अलाइनरचा विचार करेन. डबा बाकावर विसरून येणाऱ्या मुलासाठी नाही. घरबसल्या तोंडाचा साचा पाठवून मागवलेले अलाइनर तर चाव्याच्या दोषासाठी मुळीच नकोत. एक्स-रे पाहिल्याशिवाय आणि दाढा हाताळल्याशिवाय हे काम होत नाही.

तारा घ्या की अलाइनर, शेवटी रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारी तार किंवा प्लेट, वापरावाच लागतो, नाहीतर दात परत फिरतात. आणि विचारताना एवढं विचारा: डॉक्टर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) आहेत का? खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईतलं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे हा विभाग आहे. चकरा जास्त होतात, पण खर्च खासगीपेक्षा बराच कमी.

आमच्या मुलीला आत्ता तारा नकोत, असंच डॉक्टर म्हणाले. आधी टाळू रुंद करायचा, कारण टाळूच्या मधला सांधा किशोरवयात हळूहळू घट्ट होत जातो आणि मग हेच काम अवघड होतं. टाळूला एक छोटं यंत्र बसवलं, त्यातला स्क्रू रोज रात्री किल्लीने पाव फेरा फिरवायचा. दुसऱ्या आठवड्यात वरच्या दोन दातांमध्ये फट पडली आणि आजी घाबरली. मी तिला डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं: टाळू उघडतोय याचीच ती खूण आहे, काही महिन्यांत दात आपणहून जवळ येतील. आजी आता रोज रात्री टॉर्च धरते, मी किल्ली फिरवते.