दोन मॉनिटर टेबलावर कसे मांडावेत?

दुसरा मॉनिटर घ्यायचं ठरलं की इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये कंपनी, इंच आणि किंमत यांवर भरपूर घासाघीस होते. तो ठेवायचा कुठे, हे दुकानदाराला विचारा, तर उत्तर येतं, ‘कहीं भी रख लो, भिया.’ पण मान आपली दुखते. म्हणून आधी हे ठरवा, की दिवसातला किती वेळ कुठल्या पडद्याकडे बघणार?

दोन सारखे मॉनिटर शेजारी-शेजारी आणि जोड बरोबर नाकासमोर, ही मांडणी दिसायला सर्वांत देखणी. डावीकडे टॅली, उजवीकडे जीएसटी पोर्टल, असं खरोखर निम्मं-निम्मं काम असेल तर ती उत्तमही. इतरांच्या वाट्याला मात्र समोर नुसती काळी पट्टी येते आणि मान दिवसभर एकाच बाजूला वळलेली राहते. 24 इंची पडद्याची रुंदी सुमारे 53 सेंटीमीटर, म्हणजे कडा धरून दोघांना 110 सेंटीमीटरच्या आसपास जागा लागते. चार फुटी टेबलावर मग स्पीकरला जागा उरत नाही.

माझं मत दुसऱ्या मांडणीला. मुख्य मॉनिटर, कीबोर्ड आणि खुर्ची एका रेषेत; दुसरा मॉनिटर बाजूला, आतल्या अंगाला तिरका. सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांत नोकरी आणि आठवड्यातले काही दिवस घरून काम, अशी मुलं आता घरोघरी आहेत. त्यांनी कोड समोर ठेवावा, मेल आणि चॅट बाजूला. वेबकॅम मात्र मीटिंगची खिडकी ज्या पडद्यावर असेल त्याच्यावरच लावा, नाहीतर साहेबांना सतत तुमचा कान दिसेल. पडदा हातभर अंतरावर असावा आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली. पश्चिमेची खिडकी असेल, तर तिचं ऊन ज्या बाजूच्या पडद्यावर पडत नाही, ती बाजू निवडा.

बाजूचा मॉनिटर उभा करायचा का? हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात लांबलचक अर्ज दाखल करणाऱ्या वकिलांना मी बिनधास्त हो म्हणेन. फुल एचडी पडदा उभा केला की 1080 पिक्सेल रुंद आणि 1920 पिक्सेल उंच होतो. ए-फोरचं अख्खं पान एका नजरेत मावतं. एक्सेलवाल्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये, स्तंभ कापले जातात. पॅनेल, म्हणजे आतला पडदा, आयपीएस प्रकारचं हवं; ते बाजूने पाहिलं तरी रंग टिकतात. स्वस्त टीएन प्रकारचं पॅनेल उभं केलं की एका बाजूने रंग फिके पडतात. स्टँड फिरत नसेल तर वेगळा आर्म, म्हणजे टेबलाला अडकवून मॉनिटर धरणारा दांडा, लागतो. त्यासाठी मागे 75 किंवा 100 मिलिमीटर अंतरावरची स्क्रूची भोकं आहेत का ते बघा. काचेच्या टेबलाला आर्मचा क्लॅम्प लावू नका.

एकावर एक मांडणी फक्त जागेच्या अडचणीपोटी. राजवाड्यामागच्या जुन्या घरांत टेबलच अडीच फुटांचं, तिथे इलाज नसतो. वर फक्त अधूनमधून बघायच्या गोष्टी ठेवा. बायफोकल चष्मा असलेल्या काका-मावशींनी हा पर्याय सोडूनच द्यावा. हनुवटी सारखी वर करावी लागते. दोनऐवजी एकच 34 इंची अल्ट्रावाइड, म्हणजे जादा रुंद मॉनिटर? मधली फट जाते, हे खरं; पण घरात एक चांगला मॉनिटर असताना तो खर्च मला पटत नाही.

कुठलीही मांडणी निवडा, ती विंडोजलाही सांगावी लागते. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्लेमध्ये 1 आणि 2 चे चौकोन दिसतात. ‘आयडेंटिफाय’ दाबून कोण कुठला ते पाहा आणि चौकोन टेबलावरच्यासारखेच ओढून ठेवा. दोन्ही पडद्यांचं रिझोल्यूशन वेगळं असेल तर चौकोनांची उंचीही लहानमोठी दिसते. कडा जुळवल्या नाहीत की माउस कोपऱ्यात अडतो. समोरचा पडदा मुख्य म्हणून निवडा. दोन्हींवर एकच चित्र येत असेल तर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ घ्या.

आणि खरेदीआधी सीपीयूच्या मागे वाकून पोर्ट मोजा. ग्राफिक्स कार्ड असेल तर दोन्ही केबली त्यातच लावायच्या. पोर्ट एकच असेल तर कुणीतरी एचडीएमआय स्प्लिटर, म्हणजे एका पोर्टला दोन केबली जोडणारी डबी, पुढे करेल. तो घेऊ नका, त्यातून दोन्हीकडे तेच चित्र दिसतं.