28 चे टायर, कापडी रिम टेप आणि ब्रेक रबर : यवतमाळ-दारव्हा पट्ट्यातला अकरा महिन्यांचा अनुभव

सायकल साधीच आहे. अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, शिमानो क्लॅरिस 8 स्पीड (मागे आठ गिअर), कॅलिपर ब्रेक (चाकावर कमानीसारखा बसून रिमला दोन्हीकडून रबर दाबणारा), 32 तारांची चाकं आणि कंपनीतून आलेले 700×25 चे, म्हणजे 25 मिमी रुंदीचे टायर. अशा सायकलवर पहिला पैसा कुठे टाकायचा, तर हलक्या चाकांवर नाही आणि 9 स्पीडवरही नाही. आपल्याकडे पहिला पैसा टायरचा. मी 25 काढून 28 मिमीचे घातले. जून ते मे असे तिन्ही ऋतू वापरून हे लिहितो आहे.

आपल्या रस्त्यांवरचा शत्रू खड्डा नाही, काटा आहे. एप्रिल-मे मध्ये शेतांची कुपाटी नव्याने घालतात. धुऱ्यावरच्या बाभळीच्या काट्या तोडून रस्त्यावरून ओढत नेतात आणि मागे काटे पडत जातात. बाभळीचा लांब पांढरा काटा निदान दिसतो तरी. गोखरू दिसत नाही. ते रबरात बसतं आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला थोडं थोडं आत सरकतं. म्हणून हवा लगेच जात नाही, दहा-पंधरा किलोमीटर पुढे गेल्यावर जाते. उपाय फुकटचा आहे. डांबराच्या कडेने किंवा पांदणीतून गेलात की थांबून दोन्ही टायर बोटांनी, नाहीतर जुन्या कापडाने पुसून घ्या.

टायर घेताना मध्ये काटारोधक पट्टा आणि बाजूच्या भिंतीला जाळीचं कवच, दोन्ही असलेला घ्या. कॉन्टिनेंटल गेटरस्किन हा त्या जातीचा. जोडी स्वस्त पडत नाही, आणि सायकलच्या किमतीच्या मानाने हे जिवावर येतं, कबूल. वायर बीडचा (कडेत तार असलेला) घेतला तर थोडं वजन वाढतं, पैसे वाचतात. इथे वजनाचा हिशोब करण्यात अर्थ नाही.

28 बसेल का, हे विकत घेण्याआधी बघा. आहे त्या 25 च्या टायरच्या माथ्यावर, ब्रेकच्या कमानीखालून 6 मिमीची अ‍ॅलन की (षटकोनी किल्ली) आरपार जाते का ते तपासा. गेली तर 28 बसल्यावर साधारण 3 मिमी फट उरते. कोरड्यात ती पुरते. पावसाळ्यात काळ्या मातीत मात्र पुरत नाही, हे आधीच सांगतो. माती टायरला लेप बसल्यासारखी चिकटते, कमानीखाली दाटते आणि चाक अडतं. पेडल मारून ते सुटत नाही. तुराटीचा तुकडा घेऊन खरवडावंच लागतं. जुलै ते सप्टेंबर पांदण टाळा. डांबरावर काही अडचण नाही.

हवेचा दाब हाच यातला खरा फायदा. 70 किलोच्या माणसाला 25 वर 95-100 पीएसआय लागत होतं, 28 वर पुढे 70 आणि मागे 80 पुरतं. ठिगळांच्या रस्त्यावर मनगटांना फरक पहिल्याच दिवशी कळतो. याहून फार कमी केलंत तर खड्ड्याच्या काठावर ट्यूब चेपून दोन समांतर भोकं पडतात, म्हणजे सापाने डसल्यासारखी. उन्हाळ्यातला आणखी एक हिशोब: सकाळी 25 अंशाला 80 भरलेली हवा टिनाच्या शेडखाली टायर 55 अंशांपर्यंत तापला की 89-90 होते. म्हणून मे मध्ये सकाळी पाच-सात कमीच भरायची.

हवा भरायला घरी गेज असलेला उभा पंप हवाच. व्हॉल्व्ह प्रेस्टा, म्हणजे बारीक तोंडाचा आहे, आणि पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मोटरसायकलच्या व्हॉल्व्हचा. मधे घालायचं पितळी अ‍ॅडॅप्टर खिशात ठेवा. पण कॉम्प्रेसर स्वतःच्या हाताने, दर वेळी अर्धा सेकंद दाबा. ट्रकच्या सवयीने कोणी दाबला तर ट्यूबचा बार निघतो.

टायर काढलाच आहे तर रिम टेप, म्हणजे रिमच्या आतली तारांची भोकं झाकणारी पट्टी, बदला. हे काम स्वस्तातलं आणि सगळ्यांच्या विसरण्यातलं. मूळची प्लास्टिकची पट्टी उन्हाने मऊ पडून सरकते, तारेच्या भोकाची कड उघडी पडते आणि ट्यूब आतल्या बाजूने फाटते. ट्यूबचं भोक रिमच्या बाजूला असेल तर दोष काट्याचा नाही, पट्टीचा समजा. अरुंद रिमला 16 मिमीची कापडी टेप बसते. टायरवरचं नाव व्हॉल्व्हसमोर आणून बसवलं की ट्यूबमधल्या भोकावरून टायरमधला काटा नेमका सापडतो. काटा न काढता नवी ट्यूब घातली तर तीही गेलीच.

काटे अडवायला टायरच्या आत घालायची प्लास्टिक पट्टी आणली होती, काढून टाकली. तिची टोकंच ट्यूब घासतात. घालायचीच असेल तर टोकं गोल कापून पॉलिश पेपरने घासा. सोल्युशन न लागणारी चिकट ठिगळं 45 अंशात सुटतात, त्यामुळे सोल्युशनवालीच ठेवा, आणि उघडलेली सोल्युशनची ट्यूब महिन्या-दोन महिन्यांनी दाबून बघा. ती आतून वाळलेली असते.

दुसरा खर्च ब्रेक रबरचा. मूळचे अखंड रबर कडक असतात. शिमानोचे आर55सी4 होल्डरसकट बसवले, पुढचं टोक रिमला मागच्यापेक्षा अर्धा मिमी जवळ ठेवलं, तेव्हा ओल्यात थांबण्यात फरक पडला. पावसाळ्यात दर आठवड्याला रबरात रुतलेले रिमचे चमकदार कण दाभणाने उकरा. ते राहिले तर रिमच कुरतडली जाते.

साखळीला इतकंच: सोयाबीनच्या हंगामात रस्त्यावर मळणी चालते, भुसा-धूळ तेलावर बसते, म्हणून तेल कमी आणि पुसणं जास्त. 12 इंचांवर 1/16 इंच लांबली की बदला. 1/8 होऊ दिली तर कॅसेटही (मागच्या गिअरचक्रांचा संच) जाते. 8 स्पीडची साखळी जिल्ह्याच्या गावी मिळते, हे 9 स्पीडवर न जाण्याचं माझं निम्मं कारण. उरलेलं निम्मं असं की आपल्या सपाटीला एका जादा गिअरने काही होत नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणाऱ्यांनी वेगळा विचार करावा.

28 चे टायर घातल्यावर सायकलच्या मीटरमध्ये चाकाचा घेर 2105 वरून 2136 मिमी करायला विसरू नका. नाहीतर दर शंभर किलोमीटरला दीड किलोमीटर फुकट जातं.