स्टुटगार्टमधला जर्मनचा क्लास आणि माझं तोंडावरचं बोट

नवऱ्याच्या नोकरीमुळे जर्मनीत आले आणि इंटिग्रेशन कोर्सला, म्हणजे बाहेरून आलेल्यांसाठीच्या जर्मन भाषेच्या आणि इथल्या माहितीच्या वर्गाला, नाव नोंदवलं. ४५ मिनिटांचा एक असे भाषेचे ६०० तास, शिवाय इथले कायदे, इतिहास वगैरेंचे १००. पहिली संस्था मी तिसऱ्या महिन्यात सोडली. तिथल्या बाई सारख्या म्हणायच्या, "तुम्ही बोलत नाही, तुम्हाला शिकायचंय ना?" शिकायचंच होतं हो! पण सांगलीच्या शाळेत मी "हाताची घडी, तोंडावर बोट" करून दहा वर्षं काढलेली. नाव घेतलं की उभं राहायचं, उत्तर पक्कं असेल तरच तोंड उघडायचं, चुकलं की वर्ग हसणार. ते बोट चौतिसाव्या वर्षी कुणी टोमणा मारला म्हणून निघत नाही.

आताच्या बाईंनी मला एकदाही "बोला" म्हटलेलं नाही. प्रश्न आला की आधी दोन मिनिटं शेजारच्याशी बोलायचं, मग वर्गात. माझी शेजारीण व्हिएतनामची, व्याकरणात माझ्यापेक्षा पक्की आणि माझ्याहूनही गप्प. समोर सिरियाचे एक फार्मासिस्ट, डेर-डी-डासचा (नामाच्या लिंगाप्रमाणे बदलणाऱ्या शब्दांचा) पार गोंधळ करत धडाधड बोलणारे. (भारतीय म्हणजे गप्प असंही नाही, आमच्यातला चेन्नईचा मुलगा थांबतच नाही.) बाई कुणालाच मध्ये तोडत नाहीत. चुका टिपून घेतात आणि शेवटी फळ्यावर लिहितात, नाव न घेता.

एकदा फळ्यावर आलं, "इश बिन काल्ट". माझंच वाक्य, इंग्रजीच्या "आय ॲम कोल्ड"वरून उचललेलं. बाईंनी दुरुस्त केलं, "मीर इस्ट काल्ट", आणि मी चक्क हात वर केला. म्हटलं, चूक माझी आहे, पण आमच्या मराठीत तुमच्यासारखंच आहे, 'मला' थंडी वाजते. 'मीर' म्हणजे 'मला'. बाईंनी मला फळ्यापाशी बोलावून ते देवनागरीत लिहायला लावलं. वर्गासमोर मी इतकं पहिल्यांदाच बोलले.

कोर्सच्या शेवटची तोंडी परीक्षा जोडीने असते, त्यात दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं. समोरच्याचं न पटलं तर "नको, त्यापेक्षा असं करू" म्हणता आलं पाहिजे, नुसती मान डोलावून गुण मिळत नाहीत. याचा सराव इथे अजून कमी पडतो. वर्गही मोठा आहे, मागे बसलं तर हळू बोलणाऱ्यांचं ऐकू येत नाही.

बाईंना नुसत्या नावाने हाक मारायची असते. ते मला अजून जमत नाही, मी 'फ्राउ' (म्हणजे श्रीमती) लावतेच. त्या चालवून घेतात.