बेरिंगर न्यूट्रॉन: सोलापुरात मॉड्युलरची पहिली खरेदी

सोलापुरात मॉड्युलर सिंथेसायझर, म्हणजे सुटे भाग केबलने जोडून आवाज घडवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य, हाताळून बघून घ्यायची सोय नाही. वाद्यांच्या दुकानात हार्मोनियम, तबला, फार तर कीबोर्ड मिळतो. मॉड्युलर मागवायचा तो ऑनलाइन, न बघता. म्हणून पहिली वस्तू अशी हवी की ती एकटीच आणली तरी आवाज निघावा, केबल जोडून खरे प्रयोग करता यावेत, आणि पुढे सुटे मॉड्यूल घेतले तरी ती अडगळीत जाऊ नये. बेरिंगरचा न्यूट्रॉन २०१८ साली आला, पण या तिन्ही बाबतींत आजही त्याचीच शिफारस करावीशी वाटते. मात्र त्यात काय नाही ते आधी माहीत हवं.

आत दोन ऑसिलेटर (मूळ स्वर काढणारे), एक फिल्टर (स्वरातला काही भाग गाळणारा), दोन एन्व्हलप (आवाज कसा चढतो-उतरतो ते ठरवणारे), एक एलएफओ (सावकाश हेलकावे देणारा), सँपल-अँड-होल्ड (व्होल्टेज क्षणभर पकडून धरणारा), ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटका करणारा) आणि प्रतिध्वनी देणारा अ‍ॅनालॉग डिले आहे. उजव्या बाजूला ५६ सॉकेट आहेत: ३२ इनपुट, २४ आउटपुट. एकही केबल लावली नाही तरी आतली जोडणी तयार असते, मिडी (वाद्यांनी एकमेकांना स्वर कळवण्याची पद्धत) कीबोर्ड लावला की वाजतो. केबल घातली की ती आतली जोडणी बाजूला सारून तुमची जोडणी लागू होते. हेच सगळं सुट्या मॉड्यूलमधून उभं करायचं तर केस, पॉवर सप्लाय, ऑसिलेटर, फिल्टर, व्हीसीए (आवाजाची पातळी सांभाळणारा), एन्व्हलप, मिडी-टू-सीव्ही (मिडीच्या संदेशाचं व्होल्टेज करणारा) असे किमान सात-आठ नग लागतात, आणि त्यातला एक जरी अडकला तरी बाकीचे नुसते बघत बसायचे.

खरेदी भारतातल्या विक्रेत्याकडून, जीएसटी बिलासह आणि वॉरंटी कार्डासह करा. परदेशातून थोडं स्वस्त दिसतं, पण कस्टम ड्युटी फक्त वस्तूच्या किमतीवर बसत नाही. वाहतूक आणि विमा धरून येणाऱ्या रकमेवर बसते. शिवाय कुरिअर कंपनी केवायसी मागते आणि बिघाड झाला तर परत पाठवण्याचा खर्च आपल्याच गळ्यात पडतो. पार्सल आलं की उघडतानाचा सलग व्हिडिओ काढून ठेवा. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक नॉब फिरवून आणि प्रत्येक सॉकेटमध्ये केबल घालून बघा. ढिलं सॉकेट बदलीची मुदत संपल्यावर सापडलं तर काही उपयोग नाही.

पॅच केबल वेगळ्या घ्याव्या लागतील असं धरून चाला. सुरुवातीला आठ-दहा पुरतात: निम्म्या ३० सेंटीमीटरच्या, निम्म्या ६० च्या. लागते ती ३.५ मिलिमीटरची मोनो केबल. मोबाइलच्या दुकानात मिळणारी ऑक्स केबल स्टिरिओ असते. वेळ मारून नेता येते, पण तिचा प्लग जाड असतो आणि न्यूट्रॉनची सॉकेट इतकी जवळजवळ आहेत की शेजारचा प्लग बसत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून प्लास्टिकच्या बारीक टोपणाचे मोनो प्लग आणि एका कोअरची शिल्डेड माइक वायर आणून, २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने घरीच केबल बनवणं सर्वांत परवडतं. जाळी बाहेरच्या पत्र्याला, आतली तार टोकाला. दोन्ही टोकं झाल्यावर मल्टिमीटरने शॉर्ट तपासा. प्लास्टिकचं आवरण गरमीने वितळून जाळी आतल्या तारेला टेकणं हा घरच्या केबलमधला नेहमीचा दोष.

आता सोलापूरच्या उन्हाळ्याविषयी. ऑसिलेटरमधली चिप ३३४० या जुन्या रचनेची आहे. कर्टिस कंपनीची मूळ ३३४० प्रॉफेट-५ च्या तिसऱ्या आवृत्तीत आणि रोलँड एसएच-१०१ या जुन्या सिंथेसायझरमध्ये होती. तापमान बदललं की सूर सरकू नये याची तजवीज चिपमध्येच आहे, पण ती सगळं सावरत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, दुपारची खोली आणि रात्रीची खोली यांत बराच फरक पडतो. चालू करून अर्धा तास तापू द्या, मगच सूर लावा. कूलरच्या झोतात मात्र कधीही ठेवू नका. गार-गरम झोताने सूर हलतो हे एक. दमट हवेने सॉकेटचे संपर्क काळे पडतात हे त्याहून वाईट. अक्कलकोट रोडच्या बाजूला, यंत्रमागांच्या शेजारी राहणाऱ्यांना सुताच्या तंतूंचाही त्रास आहे. काम झालं की वर सुती कापड नको, प्लास्टिकचं झाकण टाका, आणि सॉकेट कुरकुरायला लागलं तर कॉन्टॅक्ट क्लीनर प्लगवर मारून प्लग आत-बाहेर करा. थेट पॅनेलवर फवारू नका.

घूं असा आवाज आला तर यंत्राला दोष देण्याआधी यूएसबी काढून बघा. लॅपटॉपचा चार्जर, यूएसबी आणि स्पीकर यांच्यात अर्थिंगचं वर्तुळ तयार होतं आणि त्यातून गुणगुण शिरते. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, किंवा यूएसबीऐवजी पाच पिनची मिडी केबल लावा. मिडीच्या इनपुटमध्ये ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशातून पलीकडे नेणारा भाग) असतो, त्यामुळे दोन्हीकडचं अर्थिंग जोडलंच जात नाही.

आता न्यूट्रॉन जिथे खरा खुलतो ते बघू. पहिला प्रयोग तानपुऱ्याचा करा, कारण त्यातून ऑसिलेटर, फिल्टर आणि व्हीसीए तिन्ही कळतात. दोन्ही ऑसिलेटरची रेंज १६ वर ठेवा, तरंग सॉटूथ (करवतीच्या दातांसारखा). व्हीसीए बायस पूर्ण उजवीकडे न्या, म्हणजे पट्टी न दाबता आवाज अखंड चालू राहील. पहिला ऑसिलेटर काळी एकच्या षड्जावर लावा, साधारण १३८.६ हर्ट्झ. दुसरा पंचमापर्यंत चढवा. कीबोर्डचा पंचम २०७.६५ हर्ट्झ येतो, शुद्ध पंचम २०७.९. फरक कागदावर नगण्य वाटतो, कानाला वाटत नाही: षड्जाचा तिसरा स्वरांश (मूळ स्वराच्या पटीतला बारीक स्वर) आणि पंचमाचा दुसरा एकमेकांना घासतात आणि साधारण दर दोन सेकंदांनी एक हेलकावा ऐकू येतो. ट्यून नॉब केसभर वर सरकवत जा. हेलकावा लांबत लांबत थांबला की पंचम जुळला. मग फिल्टर लो-पासवर (खालचे स्वर जाऊ देणारा) ठेवून फ्रीक्वेन्सी अर्ध्याच्या खाली आणा, रेझोनन्स (फिल्टर जिथे कापतो तिथला आवाज उचलणारा नॉब) अर्ध्याच्या थोडा पुढे, एलएफओ अगदी सावकाश आणि मॉड डेप्थ (एलएफओचा फिल्टरवरचा परिणाम) जेमतेम. रेझोनन्सचा उंचवटा एकेका स्वरांशावरून सरकतो आणि जवारीच्या जवळ जाणारी झणझण निघते. हेलकावे थांबवायला बसलात की ऑसिलेटर किती स्थिर आहे तेही लगेच कळतं.

दुसरा प्रयोग हलगीचा. व्हीसीए बायस परत शून्यावर आणा. नॉइजच्या आउटपुटची केबल फिल्टरच्या इनपुटला लावा, म्हणजे दोन्ही ऑसिलेटर बाजूला पडतात. फिल्टर बँड-पास (मधला पट्टाच जाऊ देणारा), रेझोनन्स इतका चढवा की फिल्टर स्वतःच शिट्टी मारायच्या बेतात येईल. दोन्ही एन्व्हलपचा चढण्याचा वेळ, म्हणजे अ‍ॅटॅक शून्य, सस्टेन (पट्टी दाबून धरल्यावरची पातळी) शून्य, डिके (विरण्याचा वेळ) अगदी छोटा. एन्व्ह डेप्थ (एन्व्हलपचा फिल्टरवरचा परिणाम) थोडी. पट्टी दाबली की कडक थाप येते. डिके वाढवला आणि फ्रीक्वेन्सी खाली आणली की तीच थाप ढोलासारखी घुमते.

नवशिक्याची गाडी हमखास अडते ती एकाच ठिकाणी. एलएफओचं आउटपुट थेट ऑसिलेटरच्या पिच इनपुटला लावलं की सूर रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखा वर-खाली पळतो आणि यंत्र बिघडलं असं वाटतं. इथे एका व्होल्टला एक सप्तक असा हिशेब आहे. दोन-तीन व्होल्ट आले तर दोन-तीन सप्तकं हलणारच. मींड किंवा आंदोलन हवं तर सिग्नल आधी तो कमी करणाऱ्या अ‍ॅटेन्युएटरमधून न्या: एलएफओ आउट ते अ‍ॅट १ इन, अ‍ॅट १ आउट ते ऑसिलेटर, आणि नॉब शून्यापासून हळूहळू उघडा. अर्ध्या स्वराला ०.०८३ व्होल्ट पुरतात. न्यूट्रॉनमध्ये अ‍ॅटेन्युएटर दोनच आहेत आणि ते फार लवकर संपतात. यंत्रातली सगळ्यांत बोचणारी उणीव हीच.

डिले बकेट-ब्रिगेड पद्धतीचा आहे, म्हणजे बादल्यांच्या साखळीसारखा आवाज टप्प्याटप्प्याने पुढे सरकवणारा. वेळ वाढवली की आतलं घड्याळ मंदावतं, आवाज मळकट होतो, खरखर वाढते. स्वच्छ प्रतिध्वनी हवा असणाऱ्यांनी तो छोट्या वेळेवरच ठेवावा. ओव्हरड्राइव्ह चांगला आहे, पण तो डिलेच्या आधी येतो आणि पातळी एकदम उसळते. हेडफोन लावले असतील तर आधी लेव्हल खाली घ्या.

सिक्वेन्सर (ठरवलेले स्वर क्रमाने आपोआप वाजवणारा भाग) नाही. ठेका आपोआप चालू राहावा अशी अपेक्षा असेल तर त्याच कंपनीचा क्रेव्ह बघा. त्यात ३२ पायऱ्यांचा सिक्वेन्सर आहे, पण ऑसिलेटर एकच. आणि पैसे घालण्याआधी हा नाद आपला आहे की नाही हेच तपासायचं असेल, तर व्हीसीव्ही रॅक या, मॉड्युलरची संगणकावर नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती लॅपटॉपवर टाका. वरचे दोन्ही प्रयोग तिथेही जमतात, फक्त केबल माउसने ओढायच्या.

वाढवायची वेळ आली की न्यूट्रॉन खोक्यातून काढून युरोरॅक (सुट्या मॉड्यूलचं प्रचलित माप) केसमध्ये बसतो. तो ८० एचपी (युरोरॅकमधलं रुंदीचं एकक) रुंद आहे. ८४ एचपीची केस घेतली तर शेजारी चारच उरतात, म्हणून १०४ चीच घ्या. २४ एचपी म्हणजे जवळपास १२२ मिलिमीटर जागा मिळते. त्यात आधी अ‍ॅटेन्युएटर आणि मिक्सर, मग छोटा सिक्वेन्सर. आणखी ऑसिलेटरचा मोह टाळा. केसचा पॉवर सप्लाय निवडताना +१२ व्होल्टच्या बाजूला सगळ्या मॉड्यूलची बेरीज करून वर पाव भाग शिल्लक ठेवा. मॉड्यूलला वीज देणाऱ्या रिबन केबलची लाल पट्टी −१२ व्होल्टकडेच जाते. ती उलटी बसली तर संरक्षण नसलेलं मॉड्यूल क्षणात जळतं, तेव्हा स्विच दाबण्याआधी दोन्ही टोकं टॉर्च लावून बघा.