नेरूळचं जेनेरिक औषधांचं दुकान: गोळ्यांना पैकीच्या पैकी, कात्रीला शून्य

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचावं लागणार नाही. नेरूळ पश्चिमेला, स्टेशनपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर हे जेनेरिक औषधांचं दुकान आहे. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल असल्या रोजच्या गोळ्यांसाठी बिनदिक्कत जा. थायरॉइडची गोळी घेत असाल तर 'मागच्याच कंपनीची आहे का' आणि 'ठेवली कुठे होती' हे दोन प्रश्न विचारून मगच घ्या. आणि सुट्या चार-पाच गोळ्या तिथून अजिबात घेऊ नका. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे आणि काउंटरवरच्या मुलाच्या पोटावर पाय आणायचा नाहीये. नेरूळकरांना कळेलच.

मी तुर्भ्याच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये नोकरीची वर्षं काढली. निवृत्त झाले तरी पाकीट हातात आलं की मी आधी मागची बारीक अक्षरं वाचते, भाव नंतर. ह्यांना मधुमेह आणि बीपी, मला थायरॉइड. महिन्याचं औषधांचं बिल किराण्याशी स्पर्धा करायला लागलं तेव्हा ह्या दुकानाकडे वळले.

पहिल्यांदा आवडलं ते असं. मेटफॉर्मिन एसआर (मधुमेहाची, औषध सावकाश सोडणारी गोळी) मागितली तर मुलाने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाला, "काकू, दोन कंपन्यांची आहे. पण गेल्या वेळी काकांना ही दिली होती, हीच देतो." मी मुद्दाम म्हटलं, "दुसरी स्वस्त असेल तर ती दे की." तर म्हणे, "चार रुपयांसाठी कशाला बदलताय? बदलायचीच असेल तर मग तीच चालू ठेवा." डी.फार्म.ची (औषधशास्त्राच्या पदविकेची) पाटी भिंतीवर असते बऱ्याच ठिकाणी, तिच्याखाली असं बोलणारा माणूस क्वचित सापडतो. आणखी एक: चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर तो परस्पर दुसरं देत नाही. कायद्याने फार्मासिस्टला तशी मुभा नाहीच. तो डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून आणायला सांगतो. लोक चिडतात, पण बरोबर तोच आहे.

भाव म्हणाल तर आमचं बिल निम्म्याच्या खाली आलं. आणि इथेच आमच्या इमारतीत चर्चा सुरू झाली. "एवढी स्वस्त म्हणजे लागू पडते का गं?" हा प्रश्न मला लिफ्टमध्ये, जिन्यात, गणपतीच्या वर्गणीच्या वेळी, सगळीकडे विचारून झालाय. शंका वेडगळ नाही. तिला चांगला इतिहास आहे.

१९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात फिट येणाऱ्या रुग्णांना त्यांच्या नेहमीच्याच फेनिटॉइनच्या कॅप्सूलने विषबाधेची लक्षणं दिसायला लागली. डोस तोच, औषध तेच. बदललं होतं ते फक्त भरणीचं द्रव्य: कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज आलं होतं. लॅक्टोजमुळे औषध जास्त शोषलं गेलं आणि रक्तातलं प्रमाण चढलं. मग १९७१ मध्ये अमेरिकेत डिगॉक्सिन ह्या हृदयाच्या औषधाच्या वेगवेगळ्या गोळ्या तपासल्या, तर रक्तातल्या पातळीत सातपटीपर्यंत फरक निघाला. लेबलावर आकडा एकच. आम्ही लॅबमध्ये ज्या डिझोल्यूशन टेस्टसाठी उभे राहून पाय सुजवले, तिच्यामागे असली प्रकरणं आहेत.

ती टेस्ट काय असते? सहा गोल बुडाची काचेची भांडी, प्रत्येकात साधारण ९०० मि.ली. द्रव, तापमान ३७ अंश, वरून पॅडल फिरतंय. गोळी टाकायची आणि ठरलेल्या वेळांना नमुना काढून किती औषध विरघळलं ते मोजायचं. मेटफॉर्मिन अतिनील प्रकाशात २३३ नॅनोमीटरच्या आसपास छान दिसतं, त्यामुळे मोजायला सोपं. ह्यातलं मूळ तत्त्व औषधवाल्यांचं नाहीच, भौतिक रसायनाचं आहे. नॉयस आणि व्हिटनी ह्या दोघांनी १८९७ मध्ये बेंझोइक ॲसिड आणि लेड क्लोराइडच्या कांड्या पाण्यात फिरवून दाखवलं की विरघळण्याचा वेग, द्रावण संपृक्त होण्यापासून अजून किती लांब आहे ह्यावर ठरतो. गोळ्यांशी त्याचा काही संबंध आहे हे लोकांच्या ध्यानात यायला पुढे अर्धं शतक गेलं.

आता विरघळली म्हणजे रक्तात गेलीच असं नाही. म्हणून पुढची पायरी: बायोइक्विव्हॅलन्स. निरोगी माणसांना एकदा मूळ गोळी, मध्ये काही दिवस खंड, मग दुसरी गोळी, आणि प्रत्येक वेळी तासातासाने रक्त. रक्तातल्या पातळीचा आलेख काढायचा. त्याचं शिखर आणि त्याखालचं क्षेत्रफळ (म्हणजे एकूण किती औषध रक्तात पोचलं), दोन्ही मूळ गोळीशी ताडून बघायची. मर्यादा ८० ते १२५ टक्के. ही मर्यादा ऐकून व्हॉट्सॲपवर "म्हणजे वीस टक्के औषध कमी चालतं!" असे संदेश फिरतात. तसं नाहीये. नुसती सरासरी आत येऊन भागत नाही, तिच्याभोवतीचा ९० टक्क्यांचा विश्वासपट्टा (खरा आकडा ज्या दोन टोकांमध्ये असावा असा अंदाज, तो पट्टा) संपूर्ण त्या कुंपणात बसावा लागतो. सरासरी खरोखर वीस टक्के खाली असली तर पट्ट्याचं खालचं टोक बाहेर पडतंच. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, १९९६ ते २००७ मधले असे २,०७० अभ्यास एकत्र तपासले होते. क्षेत्रफळातला सरासरी फरक ३.५६ टक्के निघाला, शिखरातला ४.३५.

भारतात चित्र थोडं वेगळं आहे, तेही सांगायला हवं. औषधांचे विद्राव्यता आणि आतड्यातून शोषण ह्यांवरून चार वर्ग पाडतात. एप्रिल २०१७ पासून दुसऱ्या आणि चौथ्या वर्गातल्या, म्हणजे नीट न विरघळणाऱ्या औषधांच्या जेनेरिकला आपल्याकडे हा अभ्यास सक्तीचा झाला. ह्यांची बीपीची टेल्मिसार्टन दुसऱ्या वर्गातली. मेटफॉर्मिन तिसऱ्या वर्गातलं: पाण्यात सहज विरघळतं, अडतं ते आतड्याच्या भिंतीशी. साध्या मेटफॉर्मिनच्या बाबतीत म्हणून मला गोळीच्या घडणीची धास्ती कमी वाटते. एसआरची गोष्ट वेगळी, कारण तिथे औषध सावकाश सुटणं हीच सगळी कारागिरी.

ह्या सगळ्याचा दुकानाशी संबंध असा. मधुमेहावरचा ब्रिटनमधला मोठा अभ्यास, यूकेपीडीएस, १९९८ मध्ये आला. त्यात ३४२ वजनदार रुग्णांना मेटफॉर्मिनवर ठेवलं होतं आणि केवळ आहारावर भर दिलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यातले मृत्यू ३६ टक्क्यांनी कमी भरले. त्या लोकांनी नेरूळची गोळी खाल्ली नव्हती. तो फायदा ह्या पाकिटापर्यंत पोचतो तो रक्तातल्या त्या आलेखाच्या जोरावर. आलेख जुळला तर प्रत्येक कंपनीने पुन्हा वर्षानुवर्षं रुग्णांवर प्रयोग करत बसायचं कारण उरत नाही, आणि गोळी स्वस्त होते त्यातलं बरंचसं इथून होतं. रुग्णांवरचे पुरावेही आहेत. २००८ मध्ये हृदयविकाराच्या औषधांवरचे ४७ लेख एकत्र पाहिले गेले, त्यात ब्रँड सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. गंमत म्हणजे त्याच काळातल्या ४३ संपादकीयांपैकी २३ जेनेरिकच्या विरोधात होती. डॉक्टरही माणसंच.

घरी मी पेल्यात गोळी टाकून बघितली, सवय म्हणून. कोमट पाण्यात मेटफॉर्मिन एसआरचं पातळ पांढरं कवच आधी सुटलं, मग कडा फुगल्या आणि तासाभरात गोळी भिजलेल्या साबुदाण्यासारखी बाहेरून पारदर्शक, आत पांढरा गाभा अशी झाली. संध्याकाळपर्यंत आकार टिकून होता. त्या चिकट थरातूनच औषध झिरपत बाहेर येतं. काहींना शौचात हे रिकामं कवच दिसतं आणि "गोळी जशीच्या तशी बाहेर पडली" म्हणून घाबरतात. औषध तोवर निघून गेलेलं असतं. पेल्यातल्या ह्या खेळाने किती औषध सुटलं ते कळत नाही हं, त्याला यंत्रच लागतं. पाकीट उघडल्यावर मासळीसारखा वास आला तरी परत करायला पळू नका. तो मेटफॉर्मिनचा स्वतःचा वास आहे, महागड्या ब्रँडलाही येतो.

ह्यांचं म्हणणं, नव्या गोळीने पाय जड वाटतात. मी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) करून घेतलं. ते आधीसारखंच सातच्या आसपास. पण मध्ये हापूसच्या पेट्या येऊन गेल्या होत्या आणि एका नवऱ्यावरून शास्त्र सिद्ध होत नाही, त्यामुळे तो आकडा मी कोणाच्या तोंडावर मारत नाही. त्याऐवजी त्यांना २००८ मधला एक प्रयोग ऐकवला. ८२ लोकांना वेदनाशामक म्हणून औषध नसलेली गोळी दिली. निम्म्यांना सांगितलं की किंमत अडीच डॉलर, बाकीच्यांना सांगितलं की उतरवून दहा सेंट केलीय. मग हलके विजेचे झटके. महागवाल्यांपैकी ८५ टक्के लोकांचं दुखणं कमी झालं, स्वस्तवाल्यांपैकी ६१ टक्क्यांचं. आत दोन्हींत काहीच नव्हतं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग बिल मला दाखवूच नकोस." तेव्हापासून दाखवत नाही. पायांची तक्रार कमी आहे.

थायरॉइडचं मात्र मी तिथून घेत नाही. लिव्होथायरॉक्सिन मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि उष्णता, उजेड, दमट हवा तिन्हीने त्याचा जोर कमी होतो. म्हणूनच २००७ मध्ये अमेरिकेत गोळीतल्या औषधाच्या प्रमाणाची मर्यादा आवळून मुदत संपेपर्यंत लेबलाच्या ९५ ते १०५ टक्के अशी केली. २०२२ मधल्या तिथल्या मोठ्या अभ्यासात एका जेनेरिक कंपनीकडून दुसरीकडे गेलेल्यांचं टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) काही बिघडलेलं दिसलं नाही. पण त्या गोळ्या ह्या आवळलेल्या मर्यादेतल्या, हे लक्षात घ्या. इथे दुकानाचा माल दर दोन महिन्यांनी वेगळ्या कंपनीचा येतो आणि थायरॉइडचं रॅक नेमकं पश्चिमेच्या काचेला लागून. मे महिन्यात दुपारी तिथे हात लावून बघितला, पत्रा तापलेला होता, एसी बंद. मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "शेठना सांगतो काकू." रॅक अजून तिथेच आहे. तुम्ही कंपनी बदललीच तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करून घ्या.

आणि ती कात्री. कोणी पाच गोळ्या मागितल्या की स्ट्रिप कापून देतात, आणि बॅच नंबर, एक्सपायरी असलेला तुकडा दुकानात राहतो. टेल्मिसार्टनच्या बाबतीत तर कात्री एखाद्या कप्प्याच्या कडेला लागली की संपलं: ती गोळी हवेतलं पाणी ओढते. नवी मुंबईच्या जुलैत ती उघडी ठेवली की मऊ पडते. ज्यांना आठवड्याच्या डबीत गोळ्या भरून ठेवायची सवय आहे त्यांनी टेल्मिसार्टन पाकिटातच ठेवावी. मी पूर्ण स्ट्रिपच घेते आणि बिलावर बॅच नंबर छापून आलाय का ते काउंटरवरच बघते. ह्याचा उपयोग असा की एखाद्या गोळीबद्दल खरोखरच संशय आला तर औषध कायद्याच्या कलम २६ खाली कोणीही ग्राहक फी भरून ती सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. १९४० चा कायदा आहे, वापरतं कोणी नाही.

दुपारी दुकान बंद असतं, रविवारी अर्धा दिवस. यूपीआय चालतं. संध्याकाळी सातनंतर गर्दी होते आणि तेव्हा कंपनीबिंपनी विचारत बसलात तर मागचे लोक चुळबुळ करतात. सकाळी जा, मुलगा निवांत असतो.